चाळिसाव्या लेव्हलची दरी

नामहे,
९ मार्च

चि. नारे हिस,

आजीचा आशीर्वाद. वि. वि. मी जिवंत आहे, गुडघे दुखायचे तेवढे दुखतायत आणि लसूण वीतभर वर आलाय.

गू बाईंनी आम्हा म्हाताऱ्यांच्या लिहा-वाचायच्या वर्गाला अभ्यास दिला, घरच्या एका माणसाला पत्र लिहा म्हणून. पल्याडच्या मालसुननं कुत्र्याला लिहिलं, कारण मुलगा उत्तर देत नाही. मला नात आहे. उत्तर कागदावर दे, वर्गात वाचून दाखवावं लागतं.

आता कामाचं. तू ज्या कंपनीत बसून तो गेम बनवतेस, त्या गेममध्ये मी शिरलेय. हसू नकोस. गावच्या हॉलमधल्या कॉम्प्युटरवर गू बाईंनी मला आत सोडलं. माझं तिथलं नाव लसूणवाली. काम जखमी माणसाला बरं करण्याचं. पहिल्या आठवड्यात मी लांडग्यालाच बरं केलं, मग त्यानं मला खाल्लं.

गेल्या पुण्यतिथीला तुझ्या बापाचे गेममधले दोस्त जेवायला आले होते ना, तो जिंजूचा बेकरीवाला सोकजू आणि बाकीचे, तेव्हा त्यांनी सांगितलं की बगळ्यांच्या दरीत आम्ही चोलग्यूच्या नावाचा दगड लावलाय. मुलगा गेला की आईनं त्याच्या चितेपर्यंत जायचं नाही, राखेपाशीही नाही, अशी आपली रीत. पाच वर्षं झाली, तुम्ही त्याची राख कुठल्या झाडाखाली ठेवलीय ते मी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. पण गेममधल्या दगडाबद्दल रीतीत काही सांगितलेलं नाही. मी मालसुनला आणि तिच्याहून म्हाताऱ्या दोघींना विचारून घेतलं.

दरी चाळिसाव्या लेव्हलची. मी सतरावर. त्याआधी गेलं तर एका फटक्यात मरते, आणि मेलं की कमावलेलं कमी होतं. बापाच्या नावानं आत गेले असते तर त्याची लेव्हल केव्हाच पुरली असती. पण त्याचे कपडे जाळले तेव्हा त्यात एक वही होती. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. कपड्यांबरोबर ती पण टाकली. पासवर्ड त्यातच होता असं सोकजू म्हणतो.

डॉक्टर म्हणतो, डोळ्याच्या मध्याला डाग आलाय, हिवाळ्यापर्यंत बघून घ्यायचं ते बघून घ्या. या चालीनं चाळीस गाठायला मला तीन वर्षं लागतील. तेव्हा तुझ्या साहेबांना सांग, लेव्हल जरा भरभर चढू द्या. सोकजूला मात्र सांगू नकोस, मला कडेवर घ्यायला धावत येतील मेले.

बाकी क्षेम. वेळेवर जेव.
तुझी आजी, प्यो बोकइम


पांग्यो,
२८ मार्च

ती. आजीस,

नारेचा सा. नमस्कार. वि. वि. तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि लांडग्यापाशी इतकी हसले की शेजारचा पाणी घेऊन आला.

आजी, तू विचारलंस त्यावरच इथं दोन वर्षं भांडण चाललंय. कुठल्या लेव्हलला किती वेळ लागावा, तो तक्ताच माझ्याकडे असतो. नवी माणसं येतात, पंधराव्या लेव्हलपर्यंत कंटाळतात आणि निघून जातात. नोकरी करून, पोरं सांभाळून रोज तास दोन तास कोण घालवणार? जुने लोक मात्र चिडतात. आम्ही रक्त आटवलं ते फुकट का, असं विचारतात.

त्या जुन्यांत बाबा सगळ्यात पुढे होते, तुला माहीत नसेल. कंपनीला त्यांनी पाठवलेल्या तक्रारी अजून इथं आहेत, नोकरीला लागले तेव्हा पहिल्यांदा त्याच वाचल्या. एकीत लिहिलंय की त्या दरीतून मला महिनाभर चालावं लागलं, त्या महिन्यात सोकजू भेटला. एका दिवसात वर पोहोचलो असतो तर सोबत कोण असतं?

वाचून मी तो फायलीत परत ठेवला होता. आताही तो कागद डोळ्यांपुढे येतो. पण बाबांना वेळ होता, तुला नाही. येत्या बैठकीत मी भरभर चढण्याच्या बाजूनं तक्ता मांडणार आहे. बाबा माझ्यावर रागावतील ते रागावू देत.

डोळ्यांचं औषध चुकवू नकोस. लसणाचे दांडे निघाले की छोट्या मासळीत परतून पाठव, इथले दांडे दोरीसारखे लागतात.

आहे ती माया तशीच राहो.
तुझी नारे


नामहे,
२ जून

चि. नारे हिस,

आशीर्वाद. डबा पाठवलाय. झाकण घट्ट आहे, दातांनी उघडू नकोस.

तुझं पत्र वर्गात वाचलं. बापाच्या तक्रारीपाशी मालसुन रडली. मी म्हटलं, तुझा कोण होता तो? रडायचं तर मी रडेन, आणि मी रडत नाहीये.

लसूण काढून झाला. लोक म्हणतात, नऊ महिने जमिनीत राहतो म्हणून तिखट होतो. असं म्हणणाऱ्यांपैकी एकानंही वाकून लसूण लावलेला नाही. मला कोणी तीन महिन्यांत येणारा लसूण दिला तर मी त्याचे पाय धरीन. चोलग्यूला हळू चालणं परवडत होतं. ट्रक चालवून घरी यायचा आणि गेममध्ये बसायचा. मी फोनवर शिव्या द्यायचे, तो वेळ काय परत मिळणारेय का म्हणून. तो म्हणायचा, आई, मी एकटा नसतो तिथं. मला वाटायचं बहाणा करतोय. बायको सोडून गेलेली, तू वसतिगृहात. आता आत शिरल्यावर कळतं, चार माणसं रोज विचारतात आज उशीर का. मला तर घरात कोणी विचारत नाही.

मी बावीसवर आलेय. अक्षरं कडेनं दिसतात, मधे डाग. कोंबडीसारखी मान वाकडी करून बघते. तक्त्याचं काय झालं ते कळव.

आजी


पांग्यो,
५ सप्टेंबर

ती. आजीस,

सा. नमस्कार. हे पत्र आधी तू एकटी वाच. वर्गात नको.

माझा तक्ता मंजूर झाला. ऑक्टोबरपासून चाळिसाव्या लेव्हलला पोहोचायला आठ दिवस पुरतील. बैठकीत लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. पण त्यानंतर दुसऱ्या विभागानं हिशेब मांडला की इतक्या लवकर चढलं तर मधल्या जागांमध्ये कोणी थांबणारच नाही. रिकाम्या जागा चालू ठेवून काय करायचं? म्हणून मधल्या पाच जागा बंद करायचं ठरलं. बगळ्यांची दरी त्यात आहे. नवा तक्ता सुरू होईल त्याच सकाळी, १२ ऑक्टोबरला दहा वाजता, ती कायमची जाईल.

मी विरोध केला. साहेब म्हणाले, तक्ता तर तुझाच आहे.

आजी, मी हे तुझ्यासाठी करायला गेले आणि माझ्याच हातानं ती वाट बुजवली. एक उपाय आहे. मला आतून तुझी लेव्हल चाळीस करता येते. कोणाला कळलं तर नोकरी जाईल, जाऊ दे. फक्त हो म्हण.

नारे


नामहे,
११ सप्टेंबर

चि. नारे हिस,

आशीर्वाद. एकटीनंच वाचलं. सकाळची दुपार झाली वाचायला.

नोकरी घालवशील तर तंगडी मोडीन. मागणी माझी होती, मी मागितलं ते तू दिलंस. भरभर चढू द्या म्हणाले तेव्हा वाटेत काय काय आहे याचा विचार मी केला नाही, आणि एक्याऐंशी वर्षांच्या मला ते सुचलं नाही तर तुला कुठून सुचणार? रडून तक्ता भिजवू नकोस.

सोकजूला फोन केला. कडेवर घ्यायला ये म्हटलं. म्हणाला, दुपारी भट्टी थंड असते, तेव्हा रोज येतो.

आजी


नामहे,
१४ ऑक्टोबर

चि. नारे हिस,

आशीर्वाद. आता पोटभर लिहिते, पुढं लिहिणं जमेल न जमेल. ओळी वर-खाली गेल्या तर समजून घे.

एकूण सहा जण आले. सोकजू, एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर, एक बाई दात बसवणारी, बाकीचे कोण ते विचारलं नाही. रोज दुपारी दोन तास. मला मधे घालून चौघं चारी बाजूंनी चालायचे, तरी कुठून तरी बाण यायचा आणि मी मरायचे. मेले की मागं गेममधल्या गावात. मग सगळे परत यायचे मला न्यायला. दात बसवणारी म्हणाली, आजी, तुम्ही आमच्यापाठी चाला, आमच्यापुढं नाही. मी म्हटलं, पोरी, मला फक्त कडेचं दिसतं, पुढं कोण आहे ते मला काय ठाऊक!

दर मरणाला कमावलेलं कमी व्हायचं. निघाले तेव्हा चोवीस होते. दरीत पोहोचले तेव्हा अकरा. वर्षभर जे चढले ते वाटेवर मरून फेडलं. चोलग्यूचा कमी वेगाचा हट्ट आणि तुझा जास्त वेगाचा तक्ता, दोन्ही बाजूला राहिले. मी उतरत गेले तिथपर्यंत.

दगड लहान आहे. लिहिलंय, चोलग्यू, इथं थांबून मागच्यांची वाट बघायचा. एकेक अक्षर करून मीच वाचलं, गू बाईंना बोलू दिलं नाही.

सगळे वाकले. मी वाकले नाही, आई मुलासमोर वाकत नाही. बसायचं कुठलं बटण ते विचारून बसले.

बारा तारखेच्या सकाळी परत आत गेले, तिथंच होते ना मी, चालायचं नव्हतं. बरीच माणसं आली होती. दरीतले बगळे बघत उभी होती. साडेनऊपासून एकेक जण नमस्कार करून नाहीसा झाला. सोकजूची पावभट्टी गरम होती, त्याला मीच हाकललं. वर लाल अक्षरांत येत होतं की कृपया बाहेर पडा. मी वाचलं. पडले नाही. गू बाई म्हणाल्या, दहाला बंद होईल. दहा वाजले, काही झालं नाही. मी आणि दगड. बराच वेळ. मग पडदा काळा झाला. तुमच्या कंपनीचं घड्याळ मागं आहे, दुरुस्त करून घ्या.

आजी


पांग्यो,
१९ ऑक्टोबर

ती. आजीस,

सा. नमस्कार.

घड्याळ बरोबर होतं. दरी बंद करायचं काम माझ्या टेबलावर होतं, मीच मागून घेतलं. आत किती जण उरलेत तो आकडा समोर दिसतो. आधी दोनशे, मग सहा, मग एक. त्या एकाचं नाव लसूणवाली. दहा वाजता साहेबांनी विचारलं कशाला थांबलीस. मी म्हटलं, आजी आत आहे. ते खिडकीकडे जाऊन उभे राहिले. दहा वाजून अकरा मिनिटांनी मी बटण दाबलं.

तुला बाहेर ढकललं ते मी, आजी. कळवल्याशिवाय राहवेना.

तुझी नारे


नामहे,
२७ ऑक्टोबर

चि. नारे हिस,

आशीर्वाद. हे गू बाईंच्या हातून लिहवतेय, डाग मोठा झालाय.

तू दाबलंस ते बरं केलंस. मी आपणहून उठले नसते. पाच वर्षांपूर्वी मला घरीच ठेवलं होतं, त्यामुळे मला त्याच्या चितेपासून कोणी उठवलंच नव्हतं. पोराजवळ बसलेल्या आईला कोणीतरी दंडाला धरून उठवावं लागतं, आणि ते घरच्याच माणसानं करायचं असतं.

अकरा मिनिटं पुरली.

तुझी आजी