बुरुजापर्यंत किती वेळ लागतो

प्रिय चिमणे,

फोनवर तू मधेच बोलतेस आणि मग मी गप्प बसते, म्हणून हे पत्र. पाहुण्यांच्या तंबूंची ही जागा विकायची, पंधरा दिवसांत सामान आवरायचं आणि मी कायमची तुझ्याकडे यायचं, असं ठरवून तू मला इथे पाठवलंस. खोकी किती भरली ते रोज विचारतेस. एक भरलं. त्यात तुझ्याच शाळेच्या वह्या आहेत, त्या पाठवते आहे.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी एक शिक्षिका दोन मुलांना घेऊन मुक्कामाला आली. आपल्या दारातली पाटी वाचून सकाळी दगडी पुलाकडे गेली, ती दुपारी घामाघूम होऊन परतली आणि म्हणाली, "काकू, तुमची पाटी खोटं बोलते." पाटीवर वीस मिनिटं, तिला पाऊण तास लागला. ही तक्रार काही नवी नाही. ते आकडे तुझ्या बाबांनी घड्याळ लावून लिहिलेले, आणि बाबा चालत नसत, सुटत. कुणी कुरकुर केली की म्हणायचे, पाय उचला. मीही तीस वर्षं नोंदीच्या टेबलामागे बसून तेच घोकलं: पूल वीस मिनिटं, जुनं जकातघर अर्धा तास, टेहळणीचा बुरूज पस्तीस. बुरुजाच्या खिडकीतून नदी कशी दिसते तेही अगदी रंगवून सांगायचे.

आता सांगते, हसू नकोस. यातलं एकही ठिकाण मी पाहिलेलं नव्हतं. टेबलावर कुणीतरी बसायला हवं ना. आधी तू लहान, मग पाहुण्यांची गर्दी, मग बाबांचं आजारपण. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. त्या बाईसमोर इतकी शरम वाटली की दुसऱ्या दिवशी टेबलावर तिलाच बसवलं, काठी घेतली, मनगटावर घड्याळ बांधलं आणि निघाले.

पुलाला पन्नास मिनिटं लागली. पुढच्या दिवशी जकातघराला सव्वा तास, त्यात दोनदा बसले. तिथे दारातल्या फरशीवर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खाचा आहेत, माझा अख्खा पंजा आत जातो. बाबांनी हे कधी सांगितलं नव्हतं. ते बहुधा तिथे थांबलेच नसतील. बुरुजाने मात्र दमवलं. अर्ध्या वाटेवर नवा गुडघा हटून बसला, मी मुकाट्याने मागे फिरले आणि बर्फ लावत बसले. एक दिवस सोडून पुन्हा गेले. एक तास चाळीस मिनिटं. वर खिडकी नाहीच गं. नुसत्या बाण मारायच्या चिरा आहेत, नदी दिसते ती पार गच्चीवर चढल्यावर. तिथे बसून मी रडले. बाबांची आठवण आली म्हणून, आणि रागही आला, की एकदाही मला 'चल' म्हणाले नाहीत. मग वाटलं, मी तरी कुठे 'येते' म्हटलं होतं.

खाली येऊन पाटी उतरवली आणि पुन्हा रंगवली. आता तिच्यावर दोन रकाने आहेत: लांब ढांगा टाकणाऱ्यांसाठी एक आणि गुडघेवाल्यांसाठी एक. काल एक आजोबा नातीबरोबर गेले, गुडघेवाल्यांच्या वेळेपेक्षा पाच मिनिटं आधी पोहोचले आणि परतल्यावर सगळ्या तंबूंना ते ऐकवून आले.

तुझ्या घरी पाच महिने मला काही कमी पडलं नाही. ऑपरेशननंतर तू मला न्हाऊ घातलंस, जावईबापूंनी सकाळचा चहा कधी चुकवला नाही. पण दाराबाहेर पाऊल टाकलं की कुठे जायचं ते कळायचं नाही, आणि मला वाट विचारणारंही तिथे कुणी नव्हतं. जावईबापूंनी शोधलेलं गिऱ्हाईक रविवारी येणार आहे. त्याला मी स्वतःच नाही म्हणून सांगते, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. नळवाल्याची बायको सकाळी टेबलावर बसायला तयार झाली आहे. डॉक्टर गाडीने वीस मिनिटांवर आहेत, तेही मी मोजलंय. सामान आवरायला जाते म्हणाले, ते खोटं होतं. तुझ्या तोंडावर खरं सांगायची हिंमत झाली नाही, एवढीच माझी चूक. सुट्टी लागली की ये. मला न्यायला नको, राहायला ये.

तुझीच,
आई