गादीवर खुर्ची

१२ एप्रिल
आज हसले आणि साडी भिजली! लग्नाचा बस्ता बांधायला साळूबाईंचं अख्खं खटलं दुकानात आलेलं. नवरदेवाचा मामा काहीतरी बोलला, सगळे हसले, मीही. मग गादीवरून उठलेच नाही. "साड्या तुम्हीच घ्या ना ओढून" म्हणत राहिले. मालकीणबाईला केवढा तोरा, म्हणाल्या असतील. म्हणू देत.

१४ एप्रिल
दिवसभर पाणी प्यायचं बंद केलं. दुकानात संडास नाही. सांगू कुणाला?

१७ एप्रिल
मावशीला बघायला जाते सांगून मंठ्याहून जालना गाठलं. फिजिओथेरपीच्या सुमेधा मॅडम म्हणाल्या, "दुकानात बसता तशा बसून दाखवा." बसले – लोडाला रेलून, पाठीला पोक काढून. "हेच! असं बसलं की पोटाचा भार खाली येतो आणि लघवी धरणारे स्नायू ढिले पडून राहतात. बाळंतपणांनी ते आधीच थकलेले." ताठ बसायचं, पाय जमिनीला टेकवून. ते स्नायू आवळायचे, सोडायचे – श्वास न कोंडता. आणि पाणी प्यायचं! न प्यायल्यानं उलट आग होते म्हणे. मी नेमकी तीच करून घेत होते. शहाणी!

१८ एप्रिल
खुर्ची मागितली. सासरे, म्हणजे बाबूजी, भडकले. "गादीवर खुर्ची? माझ्या बापानं टाकली न्हाई! गादी म्हंजे लक्ष्मी, तिच्या वर बसती का तू?" जिनेंद्र कापडाच्या घड्या घालत राहिला. धन्य तो नवरा!

२० एप्रिल
टाकली खुर्ची! घरातली, लाकडी. बाबूजी भर गिऱ्हाइकात ओरडले, "जल्दी उतर खाली!"

मी म्हणाले, "बाबूजी, मला लघवी धरवत नाही. खाली बसले की वाढतं. गादी भिजलेली चालेल का लक्ष्मीला?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण उतरले नाही. खुर्चीत बसूनच दोन शालू विकले!

२१ एप्रिल
बाबूजींचा अबोला. बरंय, तेवढीच शांतता.

२३ एप्रिल
सासूबाई कधी दुकानाची पायरी चढत नाहीत. आज आल्या. सरळ माझ्या खुर्चीत बसल्या आणि बाबूजींना म्हणाल्या, "मी मंदिरात जाणं का सोडलं, कधी विचारलं तुम्ही? गुडघ्याचं नुसतं निमित्त सांगत होते, गुडघे बराबर हायेत माझे. ओल्या कपड्यानं भगवानापुढं कशी उभी राहू?"