रोगणाचा पाचवा हात

फ्रान्स, ४ ऑक्टोबर १९१५

ती. हेस्टरताईस,
धाकट्या रूबेनचा सा. न.

मी धडधाकट आहे, चिखलात आहे आणि चहा कोमट मिळतोय, म्हणजे सगळं नेहमीचंच. ताई, तुमच्या कारखान्यातल्या बायका विमानांच्या कापडी पंखांना रोगण लावतात की नुसता ब्रश दाखवतात? दोन पावसांत कापड सैल पडतं. गेल्या आठवड्यात तसलाच एक पंख वर आभाळात फाटला. ते विमान चालवणारा लेफ्टनंट पेलहॅम जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. त्याच्या घरी पाठवायचं सामान मीच बांधलं. मग कॅप्टनसाहेबांना गाठलं आणि म्हटलं, कारखान्याला लिहा, रोगणाचे चार हात पुरत नाहीत, पाचवा द्या. साध्या मेकॅनिकचं त्यांनी ऐकलं! आता तुझं काम वाढेल. खुशाल शिव्या घाल, पण माया पातळ करू नकोस.

तुझा आगाऊ,
रूबेन

यारबरी, ८ नोव्हेंबर

चि. रूबेनला हेस्टरचे अ. उ. आ.

शिव्या पोटभर घातल्या. पाचव्या हाताचा हुकूम आला बरं का. त्यापायी दिवसभर रोगण चालू असतं, आणि गार हवेत ते पांढरं पडतं, म्हणून आता खिडक्याही दिवसभर बंद. तो गोडूस वास पावालासुद्धा लागतो. दोघीतिघी भोवळ येऊन पडल्या. मीही जरा पिवळी दिसते. आयव्ही मला कस्टर्ड म्हणते. धाकटी बहीण झाली म्हणून काय झालं, मार खाणार आहे एकदा. मुकादमबाई सांगतात, कारखान्यात मिळणारं दूध प्यायलं की काही होत नाही. माझ्या पोटात ते टिकत नाही. पण काम सोडणार नाही. शेवटचा हात मी स्वतःच देते. तुमच्यातला एक पोरगा जरी नीट खाली उतरला तरी पुष्कळ झालं.

मफलर वापर, आणि आठवण ठेव.
हेस्टर

यारबरी, १३ डिसेंबर

चि. रूबेन यास आईचे आशीर्वाद.

बाळा, हेस्टर गुरुवारी गेली. कावीळ विकोपाला गेली म्हणाले डॉक्टर. शेवटी ती मलाही ओळखत नव्हती. कारखान्याच्या साहेबांनी फुलं पाठवली आणि सांगितलं, की ती दूध टाळायची. मी तिला दुधावरून फार बोलले होते रे, तेच मनाला लागून राहिलंय. आयव्ही आजपासून तिच्या जागेवर जाते. मी नको म्हटलं, पण तिचं एकच, दादाच्या विमानांना पाचवा हात कोण देणार. दूध मात्र न चुकता पिईन म्हणाली.

स्वतःला सांभाळ, एवढंच मागते.
आई

फ्रान्स, २० डिसेंबर

ती. आईस, सा. न.

दुधाचं मनाला लावून घेऊ नकोस. रोगणाच्या त्या वासापुढे दुधाचा काही उपयोग नसतो. ताईला त्या बंद खिडक्यांनी नेलं, आणि त्या माझ्यामुळे बंद झाल्या. पाचवा हात मी मागितला होता, आई.

आज कॅप्टनसाहेबांना म्हणालो, माझी तक्रार मागे घ्या. त्यांनी मला बाहेर नेऊन तुमच्याकडची नवी विमानं दाखवली. भर पावसातून उतरली होती, एकाचंही कापड सुटलेलं नव्हतं. पोरं जिवंत परत येतायत, यात मागे काय घ्यायचं, असं त्यांनी विचारलं.

आयव्हीला घरी ठेव. माझी शपथ घाल, कोंडून ठेव, काहीही कर. ती तुला पुन्हा तेच विचारील, मग पाचवा हात कोण देणार. तिला काय सांगायचं, ते मला माहीत नाही.

तुझा,
रूबेन