सहा माणसांचं सोलर

दीपा,

चहा थर्मासात आहे. मी राजूरला गेलोय, अकरापर्यंत येतो.

काल तू म्हणालीस, "अण्णा, हे घर विका आणि नगरला चला." इथे लाईट नाही म्हणून सोलर बसवलं, तेव्हा सुट्टीत तुम्ही सगळे याल म्हणून मी सहा माणसांना पुरेल एवढं घेतलं. तुझी आई गेल्यापासून मी एकटाच आहे. बॅटरी सकाळी दहालाच भरते. कधी कधी मी सगळ्या खोल्यांतले पंखे लावतो आणि बाहेर ओट्यावर बसतो. आत कुणीतरी आहे असं वाटतं.

राजूरहून गिऱ्हाईक घेऊन येतोय. त्यांच्या घरात तीन लेकरं आहेत. घर तूच दाखव, मला जमायचं नाही.

अण्णा