भुयारातलं सामान

बाबा, गेला महिनाभर मी एका भुयारात अडकले होते आणि त्याचा राग तुमच्यावर काढत होते. भुयार खरं नव्हतं. आमच्या कॉलेजात महिनाभर वापरून पाहायला एक कॉम्प्युटर आला होता, त्यातला तो खेळ. चित्र एकही नाही. काळ्या काचेवर नुसती हिरवी इंग्रजी अक्षरं सांगतात की तुम्ही कोरड्या विहिरीच्या तळाशी आहात, पूर्वेला वाट आहे. आपण दिशा टाइप करायची, की पुढची जागा उलगडते. पहिल्या आठवड्यात तिथल्या मातीचा वास मला नाकाला जाणवायचा. पिपरीहून कॉलेजात येताना मी मनात पुढची दालनं चालत असे. नकाशाही काढत होते, तुमच्यासारखाच, चौकटींच्या कागदावर, टोकदार पेन्सिलीनं.

मग सगळ्या खोल्या सारख्याच असलेला भाग लागला. उत्तरेला जाऊन दक्षिणेला वळलं तर मूळ जागी येतच नाही. नकाशा जुळेना. हातातला कंदील ठरावीक पावलांनंतर विझतो, मग सगळं पहिल्यापासून. तीन आठवडे हेच. आपली बुद्धीच कमी पडते, असं मी डायरीत लिहिलं, आणि ते लिहिण्यात लबाडी आहे का, हेही लिहिलं. शेवटी मागे उभे असलेले हिंगणघाटचे फिजिक्सचे सर वैतागले. "मॅडम, दोर, किल्ली, कुऱ्हाड, सारं उचलून काऊन फिरून राह्यल्या? एकेका खोलीत एकेक टाका ना. खूण होते."

"टाकायचं?"

"मंग? लग्नाची वरात हाय का, सामान सांभाळाले?"

इतकं साधं मला का सुचलं नाही, ते मला ठाऊक आहे. आठवतं, मी एम.एस्सी. होऊन घरी बसलेली, म्हणून तुम्ही मला रोहण्याला एका शेताच्या मोजणीला नेलंय. मोजायच्या साखळीच्या टोकाला जमिनीत खोचायच्या लोखंडी सुया माझ्याकडे आहेत. शेवटी तुम्ही मोजता, एक कमी. "सुई कुठं हाय? वावरानं ठेवून घेतली काय?" शेतकरी म्हणतो, "साहेब, राहू द्या, पोरगी थकली." तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नाही. "तिनंच खोचली ना? मंग तिलेच ठाऊक. जाय, घेऊन येजो. आपलं काई मागं ठेवून यायचं नाई." ढेकळांतून तासभर हिंडून मी ती आणली. तुम्ही ती पुसून पिशवीत ठेवली. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. ती तुमची शिस्त होती की माझीच भीती, हे सोळा वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

शनिवारी कॉम्प्युटर परत जायचा होता. सकाळी मी एकेक वस्तू टाकत गेले आणि चक्क नकाशा जुळला. दार सापडलं. एक अक्षर टाइप केलं की बाहेर. मी मागे वळले. दोर उचलला, किल्ली उचलली, आणि कुऱ्हाडीच्या खोलीत कंदील विझला. पुन्हा सुरुवात करायला वेळ नव्हता. दुपारी माणसं येऊन यंत्र खोक्यात भरून घेऊन गेली.

सरांनी विचारलं, "निघाल्या का मॅडम?" मी म्हटलं, "निघाले." त्यांनी त्या आनंदात सगळ्या स्टाफरूमला चहा पाजला. मी दोन कप प्यायले, बाबा.