आबांच्या हातातला गज

धुळे, शनिवार दुपार

प्रिय हेमलता,

तुझ्या मेसेजना उत्तर द्यायचं मी मुद्दाम टाळत होतो. रेंज नव्हती, गाडीवर होतो, असलं काही लिहीत नाही, तुला खरं वाटणार नाही. तू लिहिलंस, आबांचा हात आता कुठवर आलाय त्याचा व्हिडिओ पाठव, ऑक्युपेशनल थेरपीच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यावर अडलंय. आणि खाली लिहिलंस की पुण्याच्या हॉस्पिटलने नोकरी देऊ केलीय, पण तू नाही म्हणणार, कारण कापडदुकानावरची खोली आबांनी तुझ्या थेरपी सेंटरसाठी ठेवलीय आणि तू त्यांना शब्द दिलायस. ते वाचलं, फोन खिशात टाकला आणि शिरपूरच्या टेम्पोत जाऊन बसलो. शिरपूरला काम काहीच नव्हतं. टोलनाक्यावर उतरलो, चहा प्यालो, परत आलो. तू म्हणायचीस ना, मनन, तुझ्या पायांनाच थेरपी लागेल. फोनवर लिहिलं तर निळी खूण दिसताच तू कॉल करणार, आणि मला बोलता येणार नाही. म्हणून कागद घेतला. अक्षर सांभाळून घे, दहावीनंतर मी पानभर काही लिहिलेलं नाही.

तू पहिल्यांदा घरी आलीस तेव्हा मी नुकताच दीपनगरच्या वीज केंद्रावरून आलो होतो. राखेच्या ट्रकवर होतो तेव्हा, केस कितीही धुतले तरी पाणी काळंच निघायचं. इकडे आबांना लकवा मारलेला, उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडलेला. प्रेमराजभाऊने मालिशचं तेल गरम करून ठेवलं होतं, तू त्याकडे बघितलंही नाहीस. आबांना विचारलंस, शेठ, सकाळी उठून आधी काय करायचात? आबा म्हणाले, दुकान. मग तिथूनच सुरू करू, म्हणालीस. आबा भाऊला म्हणाले, ही डॉक्टर आहे का मास्तरीण? तू म्हणालीस, दोन्ही नाही शेठ, बेकार हाताला नोकरी लावून देणारी आहे. घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं असेल.

मम्मीने तुला काचेच्या ग्लासात चहा दिला होता. तो ग्लास आमच्या शाकाहारी घरातल्या भांड्यांत मिसळत नाही, बाहेरच्यांसाठी असतो. सातपुड्यातल्या पोरीच्या घरी चुलीवर काय काय शिजतं हे तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे तुला ठाऊक होतं. तू चहा प्यालीस, ग्लास स्वतः विसळलास. पुढच्या खेपेला आबांना सांगितलंस, आजचा व्यायाम म्हणजे चहा ओतायचा. आबांनी डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं, निम्मा चहा सांडला, आणि उरलेला स्वतःच्या कपात ओतून तो कप तुझ्यापुढे सरकवला. मम्मीने काचेचा ग्लास उचलून आत नेला. तो ग्लास नंतर कुठे गेला ते मी विचारलं नाही.

मग तू आबांना दुकानातल्या गादीवर आणलंस. आधी रुमालांच्या घड्या, मग कापडाचा तागा उलगडणं. कापड मोजायचा लोखंडी गज त्यांच्या मुठीत टिकत नव्हता, तेव्हा तू त्याच्या टोकाला चिंध्या गुंडाळून मूठ जाड केलीस. मला वाटायचं, हे काय कॉलेजात शिकायचं काम आहे? तर तू मलाच धरून समजावलंस की कोणतं बोट कधी उठतं, मेंदू कुठली वाट विसरलाय, आणि माणसाला त्याचंच काम परत दिलं की ती वाट कशी पुन्हा पडते. मला अर्धंच कळलं. मी तुझ्या कपाळावरच्या घामाकडे बघत होतो, हे आता लिहायला हरकत नाही. दिवाळीच्या आधी आबांनी एका बाईला खणाचं कापड मोजून, कात्रीने चीर देऊन, टर्रकन फाडून दिलं. तो व्हिडिओ तुझ्याकडे आहे. त्याच दिवशी त्यांनी खोलीची चावी तुला दाखवली. म्हणाले, उरलेलं शिकून ये, मोठी होऊन ये, खोली कुणाला देत नाही. तू गेलीस. मीही दोन दिवसांनी जळगावला केळीच्या गाडीवर निघून गेलो, घरात करमेना.

आता पुढचं. नेरचे पुनाभाऊ तुला आठवतात का, आबांचं जुनं गिऱ्हाईक, आल्या आल्या तंबाखू मागणारे? संक्रांतीच्या बाजाराला, मी तोवर घरी परतलो होतो, आबांनी त्यांना चोळीचं कापड मोजून दिलं. हात सटकला असेल. पुनाभाऊंनी ते वितीने मापलं, कमी भरलं, आणि म्हणाले, "येनामा चोळी व्हवाव नही, शेठ." मग हसत हसत, अख्ख्या दुकानासमोर, "हात थरथरस का नियत?" सगळे हसले. आबाही हसले, नवीन कापड वाढवून दिलं. पुनाभाऊंचा दोष नाही गं, दोघं एकमेकांना असंच बोलत म्हातारे झाले. पण आमच्या घरात लहानपणापासून पोरांना एकच धाक असतो, माप कमी पडलं असं कुणी म्हणता कामा नये. आबांनी गज भिंतीला टेकवून ठेवला आणि परत हातात घेतला नाही. मी विचारलं तर म्हणाले, हात नाही चालला तरी दुकान चालेल, मापावर बोट ठेवलं तर नाही चालणार.

तू फोन करायचीस तेव्हा ते सांगायचे, एकदम फर्स्ट क्लास, रोज मोजतो. मी शेजारी बसलेला असायचो. एवढ्या उमेदीने बोलायचे की मध्ये तोंड घालवत नव्हतं. प्रेमराजभाऊला तर बरंच वाटलं. बापाने या वयात दुकानात का राबावं? तो त्यांची बटणं लावायचा, चप्पल पायात घालायचा, मम्मी घास भरवायची. तू गेल्यावर घर पुन्हा आमच्या पद्धतीने प्रेम करायला लागलं. बोटं हळूहळू आत वळली. उन्हाळा लागेपर्यंत मूठ पुरती मिटली.

मागच्या महिन्यात, तुझी परीक्षा चालू होती तेव्हा, जेवण करून कलंडले ते उठलेच नाहीत. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. भाऊ म्हणाला, पोरीची परीक्षा होऊ द्या, मग कळवू. नेण्याआधी आंघोळ घालताना मूठ उघडेना. लोक म्हणाले, राहू द्या. भाऊ ऐकेना. तो खाली बसला आणि तू दाखवायचीस तसं आधी मनगट खाली वाकवलं, मग अंगठा बाजूला घेतला, मग एकेक बोट, जराही जोर न लावता. कुणी घाई केली नाही. उघडल्यावर तळहात किती मऊ होता, पांढरा, लहान पोरासारखा. भाऊ तो आपल्या गालाला लावून रडला. म्हणाला, मी तर त्यांना सुख देत होतो रे.

मला माहीत आहे तू काय करशील. दुकानात, गिऱ्हाइकासमोर गज हातात द्यायची कल्पना तुझी, म्हणून सगळं स्वतःवर घेशील आणि आबांचं प्रकरण फाडून टाकशील. तसं करू नकोस. पुनाभाऊंची थट्टाही लिही, आमचं भरवणंही लिही. नाव बदलायचं तर बदल. भाऊ म्हणतो, नाही बदललं तरी चालेल.

आणि हे पत्र खरं तर एवढ्यासाठी की पुण्याला हो म्हण. शब्द आबांना दिला होतास, आबा नाहीत. इथे तुझ्या कामाला कोण ओळखतं, मालिशवालीच समजतील. माझ्यासाठी येशील का, हा विचार टोलनाक्यावर चहा पिताना मी केला, खोटं कशाला बोलू. पण त्या काचेच्या ग्लासाच्या घरात तुला बोलावण्याएवढी माझी हिंमतही नाही आणि माझं कुठे बूडही टिकत नाही. मम्मीसुद्धा म्हणते, पोरीला बांधून ठेवू नको. खोली भाऊ गोडाऊनला घेतोय. तू मोकळी आहेस, एवढंच

मध्येच उठावं लागलं. दारात रिक्षा उभी आहे. सोनगीरचा कुणी तांबट आहे, जीवराम नाव सांगतो, आम्ही कुणी ओळखत नाही. हातोडी धरायचा तोच हात लकव्याने गेलाय, बायकोने आपल्या पदराच्या झोळीत बांधून आणलाय. ती विचारतेय, "ज्या बाईनी शेठना हात चालता कया, ती आठेच बसस ना?" इथेच, म्हणजे आपल्या दुकानात. दिवाळीच्या खरेदीला आले तेव्हा आबांना कापड फाडताना पाहिलं होतं म्हणे. आबा गेले हेही त्यांना माहीत नाही. मम्मीने दोघांना गादीवर बसवलंय, पाणी दिलंय, आणि माझ्याकडे बघतेय. वर लिहिलेलं मी खोडत नाही, पुण्याचंही नाही. पण ह्यांना काय सांगायचं, हेमलता, मला सुचत नाहीय.

तुझाच,
मनन