पाळणाघराचं बारसं

५ जानेवारी, सोमवार

गिरणीतल्या पाळणाघराचं उद्घाटन झालं एकदाचं. सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता. गाद्या उलटून पाहिल्या, एखादी टाचणी राहिली असेल तर. खिडकीच्या कड्या पाहिल्या, परत पाहिल्या. मानकर साहेब (आमचे मॅनेजर, यापुढे मा. सा.) म्हणाले, "अहो वेलफेअर मॅडम, इथं मुलं झोपायची आहेत, ऑपरेशन नाही करायचं."

हेड ऑफिसचे मोठे साहेब आले. फीत, नारळ, टाळ्या. फोटोसाठी पाळण्यापाशी नुसतेच उभे, हातांचं काय करावं त्यांना कळेना. मीच म्हटलं, सर, जरा झोका द्या ना. त्यांनी तिन्ही पाळण्यांना दिला. फोटो सुरेख आला. दारातल्या बायका एकदम गप्प झाल्या. भारावल्या असाव्यात.

बाबांना साखरखेर्ड्याला फोन केला. म्हणाले, "कायद्यानं द्यायचंच होतं ते दिलं. फीत कशाला?" चौथीपर्यंत माझी शाळा म्हणजे बाबा आणि ओसरीवरचा फळा. अजून उत्तरपत्रिका तपासल्यासारखंच बोलतात.

८ जानेवारी, गुरुवार

एकही मूल नाही आलं. नंदा मावशी (सांभाळायला ठेवलेल्या) रोज खेळणी पुसतात, परत जागेवर ठेवतात. आज त्यांनी घरून निवडायला मेथी आणली होती.

कापसाच्या गोदामामागे लिंबाला मात्र साडीच्या दोन झोळ्या टांगलेल्याच. वारा आला की तंतू उडतात, लेकरं शिंकतात.

सुनीतानंही आणलं नाही. हे मला समजतच नाही. सूत कातायच्या मशीनवर असते ती, देऊळघाटहून कंपनीच्या गाडीनं येते. दिवाळीआधी तीच माझ्यामागे लागली होती, "खोली झाली त बरं होईन म्याडम, नाईत मले काम सोडा लागते." मुलगा वेदांत रांगायला लागलाय, सासूचे गुडघे गेलेत, त्याच्यामागे धावणार कोण? आज विचारलं तर म्हणे, "आणतो ना, उद्या." आणि पाहिलं भलतीकडेच.

माझंच काही चुकलं का? रंग फार पांढरा? ऑफिसच्या फार जवळ?

१२ जानेवारी, सोमवार

मा. सा. नी बोलावलं. "महिनाअखेर बघू. नाहीतर त्या खोलीत सूत गुंडाळलेले कोन ठेवू, गोदाम भरलंय. पाळणे एका कोपऱ्यात असू द्या, तपासणीला दिसले म्हणजे झालं."

मी "बरं सर" म्हणाले. बरं! बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले आणि जी वाक्यं म्हणायला हवी होती ती सगळी आठवली.

वर आणखी एक काम. वार्षिक अंकासाठी पान लिहायचं, "कामगार कल्याणाची वाटचाल". पूर्वी काय मिळायचं, आता काय मिळतं. आता काय मिळतं? पाळणाघर मिळतं, असं लिहिलं तर खरं ठरेल का? खोली आहे, म्हणजे अगदी खोटं नाही. पण...

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

उलगडा झाला. फार लाज वाटली, मग हसू आलं, मग परत लाज.

कँटीनमध्ये तिळगूळ वाटताना बायकांना सरळ विचारलं, पाळणाघरात कमी काय आहे? सगळ्या चहात बघायला लागल्या. शेवटी शबाना (सुनीताच्या शेजारच्या मशीनवर असते, तिची मुलगी सव्वा वर्षाची) म्हणाली, "म्याडम, बुरा मत मानो. खाली झूला हिलाया ना साहब ने. हमारे में बी नै हिलाते."

"आमच्यातही नाई," दोघीतिघी एकदम.

रिकामा पाळणा हलवू नये, लेकराला बाधतं. आणि इथे एक नाही, तिन्ही! आणि हलवा म्हणाले कोण? मी!

आमच्या घरात हे सांगणारं कुणी नव्हतंच. आई, आजी लवकर गेल्या. बाबा, काका आणि मी, तिघंही पुस्तकातली माणसं. पाणी शंभर अंशाला उकळतं हे मला पाचव्या वर्षी माहीत होतं.

१५ जानेवारी, गुरुवार

सुनीताला मधल्या सुट्टीत गाठलं. समजावलं, असं काही नसतं, लाकडाला काय कळतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मी कुठी मानतो वो म्याडम? पण उद्या पोट्ट्याले साधा सर्दी-ताप जरी आला, तरी साऱ्या मलेच म्हणतीन, माईत असून नेऊन टाकलं लेकरू. आमच्या गाडीत पंधरा बाया राह्यते. जाऊन-येऊन आयकाच लागन."

ताप तर येणारच, लहान मुलांना येतोच.

संध्याकाळी बीबी गावातल्या चुलतबहिणीला फोन केला. तिचं बाळ चार दिवस आणून झोपवलं तर बाकीच्यांची भीती जाईल, असा विचार. ती म्हणाली, "मायं लेकरू का दुकानातला नमुना हाय का वं?" फोन ठेवला. बरोबरच आहे तिचं.

१८ जानेवारी, रविवार

देऊळघाटला सुनीताच्या घरी गेले. तिच्या सासूला, सरूबाईंना, पानासाठी जुनं काही विचारावं म्हणून. हे अर्धंच खरं होतं. वेदांत पूर्ण वेळ माझी पर्स उघडत होता.

सरूबाई तरुणपणी एका गिरणीत पोती शिवायच्या. ती गिरणी बंद पडून जमाना झाला. त्यांना बोलतं करावं लागलंच नाही.

"दिवाईले शेठ लुगडं दे. पण कोणाले? ज्याच्यावर मर्जी त्याले. मी एक खेप मुकादमाले उलटून बोलली, त मले त्या वर्षी लुगडं नाई. धुळीसाठी गूळ भेटे, घशातलं खाली जावं म्हणून. थो साऱ्याईले भेटे, पण वाटणाऱ्याचा हात कोणासाठी मोठा, कोणासाठी लायना."

"आणि पाळणाघर?"

"थे होतं ना. हा अन् याचा भाऊ, दोन्ही पोट्टे तिथंच वाढले माये." (हा म्हणजे सुनीताचा नवरा, तो बाहेर गाडी धूत होता आणि ऐकत होता.) "दूध पाजाची घंटा होये. घंटा झाली की हातातली सुई ठेवाची अन् चालाचं. मुकादम समोर उभा असला तरी. त्याले काई बोलता नाई ये. लुगड्यापक्षा मले थे घंटा आवडे."

हे वाक्य मी तिथंच पर्समधल्या बिलामागे लिहून घेतलं.

मग पाळण्यांचं सांगितलं. त्या खूप हसल्या. सुनीताही हसली, तोंडाला पदर लावून. सरूबाई म्हणाल्या, "एवढंच ना? पाळणा कोरा हाय, थो रिकामा हालला. मंग त्याचं बारसं करून टाका. वरवंटा निजवा त्याच्यात, जसं बारशाले निजवतात. पहिलं गोट्याले निजवलं की मंग लेकराले काय होते?"

"आणि मग बायका आणतील?"

"मी येतो ना गाडीत बसून. मी म्हटल्यावर कोणाची बिशाद हाय नाई म्हनाची!"

१९ जानेवारी, सोमवार

झोप लागली नाही. एक अंधश्रद्धा काढायला दुसरी? कंपनीच्या वेळेत? पगारी कल्याण अधिकारी वरवंट्याचं बारसं करते, हे योग्य आहे का? सुनीताला वाईट वाटू नये म्हणून मी मान डोलावली, की मलाच ते बारसं बघायचं आहे?

बाबांना विचारलं. वाटलं, रागावतील. म्हणाले, "तुझ्या बारशाला आजीनं वरवंटा मागितला. घरातला फुटला होता. मीच शेजारून आणला. ओझं फार होतं."

"तुम्ही? तुम्ही मानता?"

"मी मानत नाही. तुझी आई खूश होती."

आणि मग नेहमीसारखं, जेवलीस का.

२२ जानेवारी, गुरुवार

झालं! हात अजून हळदीचे आहेत.

जेवणाच्या सुट्टीतच उरकायचं ठरवलं, म्हणजे कंपनीची वेळ जात नाही. अडचण निघाली ती वेगळीच. अख्ख्या गिरणीत वरवंटा नाही. कँटीनमध्ये मिक्सर. शेवटी आचाऱ्यानं सायकलवरून घरचा आणला, टॉवेलमध्ये गुंडाळून.

त्याला टोपरं घातलं, काजळाचा ठिपका लावला. सरूबाई पाळण्याच्या एका बाजूला बसल्या, दुसऱ्या बाजूला आपणहून शबाना बसली. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत पाळण्याच्या खालून-वरून वरवंटा फिरला. शबाना म्हणाली, "अय्यो, कित्ता भारी है ये बच्चा! क्या खिलाते इसको?"

नाव ठेवायला आत्या हवी. सगळ्यांनी मला पुढे ढकललं. नाव काय ठेवायचं? सुनीता मागून म्हणाली, "मोठे साहेब ठेवा! त्याईनंच हालवला."

हसण्याचा असा गोंधळ झाला की मी आधी दाराकडे पाहिलं. मग वाकले आणि वरवंट्याच्या कानात, म्हणजे जिथं असता तिथं, तेच नाव सांगितलं. कुर्रर्र झालं आणि पाठीत धपाधप धपाटे बसले. अजून दुखतंय. नंदा मावशींचा हात भलता जड आहे.

आवाजानं मा. सा. आले. "हे काय चाललंय?"

सरूबाई उठल्याही नाहीत. "बारसं हाय. घ्या घुगऱ्या. हात पुढी करा, असा नाई, वंजळ करा."

त्यांनी ओंजळ केली. बाळाचं नाव विचारलं. कुणी सांगितलं नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

वेदांत आला. पहिला तास आभाळ डोक्यावर घेतलं. सुनीताला मशीनवर ऐकू जात नव्हतं, हे एका परीनं बरं. नंतर नंदा मावशींच्या मेथीत बसला आणि शांत झाला. मावशी म्हणाल्या, "एक जुडी गेली, पण नोकरी राहिली."

मी किती वेळा डोकावले ते लिहीत नाही.

२८ जानेवारी, बुधवार

शबानाची मुलगी कालपासून. लिंबाखालच्या झोळ्यांतली दोन्ही आज. एक आई म्हणाली पाळण्यात नाही झोपत, तर आम्ही आतल्या हुकाला तिची झोळीच बांधली. चौघं आहेत. वेदांतला थोडी सर्दी. सकाळी दहादा त्याचं कपाळ चाचपलं. सुनीता म्हणाली, "घरी सासूलेबी झाली हाय. थे कुठी पाळण्यात झोपली?"

मा. सा. नी कोनांसाठी दुसरी जागा शोधायला सांगितली. अंकाचं पानही मी दिलं लिहून. घंटेचं वाक्य सरूबाईंच्या नावानं, लुगड्याचंही. ते काढतील असं वाटतं. मी काढलं नाही.

खूप दिवसांनी घरी येऊन गाणं म्हटलं.

३१ जानेवारी, शनिवार

सोमवारपासून पाळी बदलते. सुनीता, शबाना दुपारपाळीला, तीन ते अकरा. पाळणाघर पाचला बंद होतं. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्या! गाद्या उलटून पाहणारीच्या!

मा. सा. ना विचारलं. "रात्री अकरापर्यंत? अजून एक बाई? आधी हे तर चालू द्या." मी परत "बरं सर" म्हणाले आणि बाहेर आले.

सुट्टीच्या वेळी सुनीताला सांगायला गेले. म्हटलं, मी सोमवारी त्यांना परत भेटते, सविस्तर लिहून नेते, तोपर्यंत काही दिवस वेदांतला घरी... तिनं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "घरी कोणापाशी? मी सोमवारी तीन वाजता आणूनच राह्यली त्याले. अन् तुमी एकट्या काऊन जाता? आमी येतो ना दुपारी, गाडीतून उतरलो की सिध्या वर."

"किती जणी?"

"साऱ्या. जिले लेकरू हाय थेबी, नाई थेबी."

मा. सा. च्या केबिनमध्ये खुर्च्या दोनच आहेत. उद्या रविवार. काय बोलायचं ते मी लिहून काढायला बसले होते, दोन ओळी लिहिल्या, मग वाटलं, त्याच बोलतील. मी दार धरून उभी राहीन.